बायकांकडची बाजू

ज्वारीची सोंगणी सुरू झाली की जालन्याच्या हवेत एक कोरडा, किंचित गोड वास येतो. नुकत्याच कापलेल्या ताटांचा. शहर आता चहूकडे पसरले आहे, तरी सकाळचा वारा शेतांकडून आला तर तो वास खिडकीपर्यंत पोचतो. यंदा तो आला त्याच आठवड्यात इथल्या काही तरुणांनी छोट्या चित्रपटांचा महोत्सव भरवला. निमंत्रणावर ‘प्रायोगिक लघुपट’ असे छापले होते. वर्तमानपत्रातून निवृत्त झालेल्या माणसाला अशी निमंत्रणे येत राहतात. चार ओळी छापून येतील अशी पाठवणाऱ्याला आशा असते.

कार्यक्रम नीट रचलेला होता. एका लघुपटात ओल्या भिंतीवरून सरकणारा उजेड होता, दुसरे काही नाही. एकात एक म्हातारा शेंगा सोलत होता. तिसऱ्यात एक अख्खा बाजार आरशात पाहावा तसा उलटा दाखवला होता. दुकानांच्या पाट्या उलट्या, घड्याळे उजव्या मनगटांवर, चहावाला डाव्या हाताने चहा ओतत होता. माझ्या पुढच्या रांगेतले गृहस्थ बायकोला म्हणाले, “फिल्म उलटी घातली वाटतं यांनी.” दिवे लागल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने सांगितले की ते मुद्दाम केले होते, आणि अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

हे वाक्य मी आधी एकदा ऐकले होते. आष्टीच्या जत्रेत, दखनी उर्दूत.

तेव्हा निजामाचे राज्य होते आणि जगात लढाई चालू होती. मी औरंगाबादला शिकत होतो आणि सुगीत घरी येत असे. आष्टी परतूर तालुक्यातले मोठे गाव. ज्वारी खळ्यावर पडली, हातपाय जरा मोकळे झाले की तिथे जत्रा भरे. रेवड्या, बांगड्या, घोंगड्या, पाळणे असत, आणि त्या वर्षांत कासमभाईंचा सिनेमाही असे.

कासमभाई जुन्या जालन्याचे. उंच, वाकलेले, डोळ्यांना सुरमा. परतूर स्टेशनवर यंत्र उतरवून ते बैलगाडीने आष्टीला आणत, आणि सगळ्या वाटेत गाडीच्या मागे चालत. यंत्राला धक्का लागलाच तर आपल्या डोळ्यांसमोर लागावा, एवढेच त्यांचे म्हणणे. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हते, कापड मिळत नव्हते, आणि फिरत्या खेळवाल्याला अख्खा सिनेमा कोणी देत नव्हते. म्हणून ते तुकडे गोळा करत. थिएटरवाल्यांनी कापून टाकलेले, झिजलेले, आगापिछा नसलेले तुकडे. ते एकमेकांना चिकटवून त्यांचा एक खेळ ते तयार करत.

ही जोडणी त्यांची स्वतःची होती. आधी पाण्याचे तुकडे येत. नदी, समुद्राची लाट, सोंडेने अंगावर पाणी घेणारा हत्ती. मग एक बाई लांब केस विंचरून वेणी घालताना दिसे, आणि वेणीचे शेवटचे पेड पडते न पडते तोच आगगाडीचे रूळ सुरू होत. वेणी आणि रूळ त्यांनी जाणून शेजारी ठेवले होते. मग चाके. मग चाकावरून कुंभाराची माती. पुढे घोडे, शिपाई, एका परदेशी गावात पडणारे बर्फ. लोक तासभर तोंड उघडे टाकून बघत आणि शेवटी भांडत.

“कासमभाई, ह्याची गोष्ट काय म्हनायची?”

“कहानी तुम लगा लेव, पाटील. मैं सिर्फ सिलसिला लगाया.”

“हत्ती शेवटी कुठं गेला, ते तरी सांगा!”

“नहाके घर गया. तुम भी जाव.”

दिवेलागणीला खेळ सुरू होई. मैदानाच्या मधोमध दोन उंच बांबूंना पांढरे कापड ताणून बांधलेले असे. खेळ लावण्याआधी कासमभाई त्यावर बादलीने पाणी मारत. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो आणि चित्र दोन्ही बाजूंना उमटते. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत. कापडाच्या पलीकडे बायका. लेकरे मन मानेल तिकडे. गावाला ही सोय फार पसंत होती. एका पडद्यात दोन्हींचे भागत होते आणि कोणाची अदब मोडत नव्हती. बायकांच्या बाजूला कोणी पुरुष जात नसे आणि पुरुषांच्या बाजूला कोणी बाई येत नसे. त्यामुळे पलीकडून चित्र कसे दिसते, हे गावातल्या एकाही शहाण्या माणसाने पाहिलेले नव्हते. लेकरांना दिसत असणार. पण लेकरांना कोणी विचारत नाही.

माझी वहिनी, गोदावहिनी, अक्षरे लावून लावून वाचायची. एका खेळानंतर ती घरी म्हणाली, “समदं बरं होतं, पर लिवलेलं कायच कळलं न्हाई. समदं उर्दूत.”

मी म्हणालो, “वहिनी, ‘शांत बसा’ असं चांगलं मराठीत लिहिलं होतं.”

“मराठी मला कळत न्हाई व्हय? उजवीकडनं डावीकडं चाल्लं होतं लिवनं. सरकारी अक्षर होतं ते.”

“औरंगाबादेला चला, डोळे तपासू.”

“तुमच्या पुस्तकांनी तुमचेच गेलेत, भावजी. आधी तुमचे तपासा.”

घरात दोन दिवस हसणे चालले. तिची चूक आमच्या मुलखाबाहेर कोणी केली नसती. कचेरीचा कागद, स्टेशनवरची पाटी, टपालाचा शिक्का, जे जे राज्याचे ते ते उजवीकडून डावीकडे जात होते. तेव्हा पडद्यावरची अक्षरे उलट्या दिशेने पळाली तर ती सरकारची, असे बायकांच्या बाजूने धरून चालले. त्यात शंका घेण्यासारखे कोणाला काही वाटले नाही.

आमच्या शेजारच्या रानात रुखमाकाकूंचे शेत होते. रुखमाकाकू नात्याने लांबच्या, तोंडाने तिखट आणि कामाला वाघ. त्यांचा एकुलता एक मुलगा लिंबाजी डावरा होता. हे आष्टीत सगळ्यांना ठाऊक होते, कारण सोंगणीला माणसे ओळीने लागत तेव्हा त्याला मधे घेता येत नसे. शेजाऱ्याचा विळा उजवीकडून चालतो, याचा डावीकडून. दोघांची हत्यारे एकमेकांवर आली असती. म्हणून त्याला कायम काठाची पात. त्याची ताटेही बाकीच्यांच्या उलट अंगाला पडत. लोहाराने त्याच्यासाठी उलट्या दात्यांचा विळा घडवला होता. दुसऱ्या कोणाच्या हाती तो चालत नसे.

लहानपणी काकूंनी त्याचा डावा हात सोडवण्यासाठी फार मारले. जेवताना उलथन्याने बोटांवर मारत. हात पदराने पाठीशी बांधून ठेवत. जेवण उजव्या हातावर आले. विळा, गोफण, गोट्या डाव्याच हातात राहिल्या. मोठा झाल्यावर एका बैलावरून त्याची बापाशी बोलाचाली झाली आणि तो निघून गेला. फौजेत भरती झाला असे कोणी म्हणाले. कोणी मुंबईला पाहिला म्हणाले. पत्र आले नाही. बापाने नाव काढणे सोडले. काकू काठाची पात कोणाला देत नसत. सगळ्यांच्या शेवटी ती स्वतः कापत.

तो गेल्यानंतरच्या एका जत्रेत, शेवटच्या खेळात, कासमभाईंनी एक नवा तुकडा लावला होता. कुठल्यातरी जंगलात फौजेचा तळ पडतो आहे. अंगात बनियन घातलेली माणसे कमरेएवढे गवत कापून जागा साफ करत आहेत. त्यातला काठचा एक जण थांबतो, मनगटाने कपाळ पुसतो, आमच्याकडे बघून हसतो, आणि पुन्हा वाकतो. एवढेच. त्यानंतर लगेच चरणाऱ्या गाईंचा तुकडा होता. गवताला गवत जोडलेले.

पुरुषांच्या बाजूला काकूंचा पुतण्या दत्तू माझ्या शेजारी बसला होता. तो ताडकन उठला. “लिंबा! अरे, आपला लिंबा हाय!” मागचे ओरडले, “बस खाली, डोकं आडवं येऊन राह्यलं!” तोवर गाई आल्या होत्या.

खेळ संपल्यावर दत्तू धावत पलीकडे गेला. बायका घोंगड्या झटकत उठत होत्या.

“काकू, बघितला का? लिंबा होता!”

काकू शांत होत्या. “बघितला. थोबाड त्याच्यावानी हाय. पर तो न्हाई.”

“आवो तोच. काठाला होता. डाव्या हातानं कापून राह्यल्ता!”

“उजव्या हातानं कापत होता. मी डोळं फाडून त्याचा हातच बघितला.”

“डाव्या, काकू!”

“दत्तू, आई मी हाय का तू?”

तेवढ्यात कोणीतरी समजुतीचे बोलले, की फौजेत साहेब लोक हात बदलायला लावत असतील. काकू त्याच्याकडे वळल्या. “मी मारमारून न्हाई बदलला त्याचा हात. ते कुठनं बदलत्यात?”

इतर बायकांनीही साक्ष दिली. गोदावहिनीने दिली. उजवाच होता, सगळ्यांनी पाहिले होते. पुरुषांपैकी हाताकडे लक्ष फक्त दत्तूचे होते, आणि ते आनंदाच्या भरात. दत्तू दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या छावणीत जाऊन चौकशी करणार होता. आईच नाही म्हणते म्हटल्यावर त्याला कोणी जाऊ दिले नाही. सकाळी कासमभाईंची गाडी परतूरच्या वाटेला लागली. बांबू रोवलेल्या जागी दोन खड्डे राहिले आणि मधे चिखलाचा पट्टा.

पुढे वर्तमानपत्रात नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी एक गोष्ट शिकवली. दोन साक्षीदार उलटसुलट सांगत असतील तर खोटे कोण बोलतो ते नंतर बघा. आधी कोण कुठे उभा होता ते विचारा. आष्टीत हा प्रश्न कोणालाच सुचला नाही. एका बाजूला एक तरणा माणूस होता, दुसऱ्या बाजूला आई. लोकांनी आईचे खरे मानले. आजही कोणतेही गाव तेच करील.

पुढची सुगी आली. पीक बेताचे होते. थंडी मात्र अशी की सोंगणीवाले सकाळी धुनी पेटवून विळे शेकत आणि मग हातात धरत. जत्रेत कासमभाई आले आणि या वेळी त्यांनी आल्याआल्याच पुकारा केला: “आज आष्टी का खेल, आष्टीवालों के वास्ते!” आदल्या जत्रेत ते हाताने फिरवायचा एक जुना कॅमेरा घेऊन हिंडत होते. तो कोणी गांभीर्याने घेतला नव्हता. त्यात जे भरले होते ते त्यांनी मुंबईहून धुऊन आणले होते.

मैदान गच्च भरले. आधी नेहमीची नदी, लाट, हत्ती. मग एकदम आष्टीची वेस, वेशीजवळचा कडुलिंब, पाळणे, आणि बांगडीवाल्यापुढे दाटी करून बसलेल्या बायका. कॅमेरा त्यांच्या अगदी जवळ गेला होता. पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या झाल्या. कापडाच्या पलीकडून जो गोंगाट उठला तो मला अजून ऐकू येतो. तिथे काय झाले ते वहिनीने नंतर इतक्यांदा सांगितले की मी तिथेच होतो असे वाटते.

“अगं बया, मी एवढी काळी?”

“मंग काय पांढरी हाईस? कासमभाईनं खरं ते दाखवलं!”

“सरू, तोंड मिट गं. समद्या गावाला दात दिसून राह्यले.”

आणि मग रुखमाकाकूंचा चेहरा आला. जत्रेची नथ घातलेला, बांगडीवाल्याला काहीतरी तिखट सुनावणारा. बायका खिदळल्या. काकू मात्र पडद्याकडे टक लावून होत्या. त्यांनी हात नाकाकडे नेला.

“गोदे, माझी नथ कोन्या अंगाला हाय?”

“डाव्या. का वो?”

“थितं उजव्या अंगाला दिसली.”

वहिनीने पाहिले. मग शेजारणीने. मग सगळ्यांनी. पडद्यावरच्या साऱ्या नथा उजव्या नाकपुड्यांत होत्या. “कासम्यानं समद्यांची नाकं फिरवली!” म्हणून बायका पोट धरून हसल्या. इकडे पुरुष ओरडत होते, “पुन्यांदा लावा! पुन्यांदा!” कासमभाई तुकडा गुंडाळून पुन्हा लावत होते.

रुखमाकाकू उठल्या. बायकांमधून वाट काढत बांबूच्या कडेने वळल्या आणि पुरुषांच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्या बाजूला आलेली बाई आष्टीत कोणी पाहिली नव्हती. पुढची माणसे आपोआप सरकली. वेस आली, कडुलिंब आला, बांगडीवाला आला. काकूंनी स्वतःला पाहिले. नथ डाव्या नाकपुडीत होती.

“दत्तू,” त्या आवाज न चढवता म्हणाल्या. “तो कोन्या हातानं कापत होता?”

दत्तू उठून उभा राहिला. “काकू, मी तवाच सांगितलं होतं.”

“आता सांग.”

“डाव्या.”

“मंग तो माझाच होता.”

काकू कासमभाईंजवळ गेल्या. “भाऊ, ते गवत कापनारं लावा. मागल्या साली लावलं होतं ते. मला हिकडनं बघायचं हाय.”

कासमभाईंना काही माहीत नव्हते. दत्तूने दोन वाक्यांत सांगितले. ऐकताना त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“काकी, वो टुकड़ा नहीं रहा. गर्मी में डब्बे को आग लगी. साथ में फौज का सब गया.” मग ते म्हणाले, “पीछे उलटा दिखता, काकी. मेरे को मालूम था. कोई पूछा नहीं, मैं बोला नहीं. इसमें क्या बोलना, लगा.”

त्या दिवशी त्यांनी पेटीत होते ते सगळे तुकडे काकूंसाठी लावले. लोक उठून गेले नाहीत. काकू उभ्याच होत्या. शेवटचा तुकडा बर्फाचा होता. बर्फ थांबले, पडदा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्याकडेही त्या बराच वेळ बघत राहिल्या.

दत्तू छावणीत जाऊन आला. तिथल्या माणसाने विचारले, कुठली पलटण, कुठले ठिकाण, चित्र कुठे आहे. यातले काहीच दत्तूजवळ नव्हते. एका हसणाऱ्या माणसाची खूण कोणत्या कागदावर लिहिणार? आदल्या वर्षी गेला असता तर निदान तुकडा दाखवता आला असता, असे तो आयुष्यभर म्हणत राहिला. कदाचित तेव्हाही काही झाले नसते. कदाचित झाले असते. ते आता ठरवता येत नाही.

पुढच्या जत्रांमध्ये कासमभाईंचा सिलसिला बदलला. पाणी कमी झाले, हत्ती गेला. जिथे जातील तिथून ते शिपायांचे तुकडे आणू लागले. कूच करणारे, जेवणारे, खंदक खोदणारे, जहाजावर चढणारे. वेणीच्या शेवटच्या पेडानंतर आता रूळ येत नसत, गवत येई. लोक कुरकुरत. “कासमभाई, किती शिपाई दाखवता? हत्ती आना!” कासमभाई म्हणत, “हाथी आता है, आता है. ये जरा देख लेव.” आणि यंत्र फिरवताना पडद्याकडे न बघता पुरुषांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसलेल्या रुखमाकाकूंकडे बघत. त्यांनी नकाराची मान हलवली की पुढचा तुकडा. सिनेमाचे अनेक कार्यक्रम मी पुढे पाहिले आणि त्यांच्यावर लिहिले. एका प्रेक्षकासाठी रचलेला कार्यक्रम तो एवढाच.

मग ते वर्ष आले ज्यात राज्य गेले. आधी एका बाजूची माणसे भ्याली, नंतर दुसऱ्या बाजूची. त्या सुगीत जत्रा भरली, झेंडे लागले, भाषणे झाली. परतूरच्या वाटेने गाडी आली नाही. कासमभाई कुठे आहेत, आहेत का, हे विचारायला आष्टीहून जालन्याला कोणी गेले नाही. मोठ्या बातम्यांचे दिवस होते ते. रुखमाकाकूंनी मैदानात जाऊन पडद्याच्या जागेसमोर घोंगडी अंथरली, दिवे लागेपर्यंत बसल्या आणि उठून घरी गेल्या. त्यानंतर त्या जत्रेत आल्या नाहीत.

गावातल्या पाट्या हळूहळू बदलल्या. कचेरीचे कागद मराठीत आले. गोदावहिनी ते मोठ्याने वाचून दाखवी आणि म्हणे, “बघा, आता सरकारबी डावीकडनं लिवायला लागलं.” या विनोदावर ती स्वतः मात्र हसत नसे.

रुखमाकाकूंना मी शेवटचे पाहिले ते एका सुगीतच. कामावरून चार दिवसांची रजा घेऊन गेलो होतो. आमच्या बांधावरून त्यांचे रान दिसते. सोंगणीवाले पुढे निघून गेले होते. काठाच्या पातीला त्या एकट्या होत्या, पाठ वाकलेली, आणि विळा डाव्या हातात. तो उलट्या दात्यांचा विळा होता. उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. सवय नसलेल्या हाताने विळा धरला की दुसरा हात कापतो.

मी विचारले, “काकू, डाव्या हातानं?”

त्यांनी एक ताट धरले, कापले, जरा तिरके कापले गेले.

“बघून राह्यले,” त्या म्हणाल्या. “त्याला कसं जमत असंल ते. लई मारलं मी त्याला ह्या हातापायी.”

एवढे बोलून त्या पुन्हा वाकल्या. वास तोच होता, कोरडा आणि किंचित गोड. पात संपेपर्यंत मी बांधावर उभा होतो. त्यांनी कापलेले एकेक ताट बाकीच्यांच्या उलट अंगाला पडत गेले.